धूळ उजेड परत करते, पण सुट्ट्यात

डिसेंबर-जानेवारीत रात्री साडेनऊच्या सुमारास रोहिणी आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर असते. तिच्याजवळ ताऱ्यांचा जो व्ही दिसतो त्याच्या एका टोकाला रोहिणी आणि दुसऱ्या टोकाला एप्सिलॉन टॉरी. या एप्सिलॉनपासून कृत्तिकांच्या बाजूला साधारण दीड अंश सरकलात की दुर्बिणीत दहाव्या प्रतीचा (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) एक तारा सापडतो, त्याचं नाव टी टॉरी. चार इंची दुर्बिणीतही दिसतो. आणि दिसतो म्हणजे काय, एक ठिपका. आकाशदर्शनाला आलेल्या लोकांना मी हौसेने दाखवतो आणि हमखास "बरं, मग?" असं ऐकतो, कारण शेजारी कृत्तिका आणि खाली मृगातला तेजोमेघ असताना हा कळकट ठिपका कोण बघणार.

पण मला विचाराल तर त्या अख्ख्या भागात याच्याइतकं गंमतीदार काही नाही. वैज्ञानिक "टी टॉरी प्रकारचे तारे" म्हणतात ना, म्हणजे सूर्यासारखे पण अजून नीट तयार न झालेले, तो सगळा वर्ग याच्याच नावाने ओळखला जातो (आल्फ्रेड जॉयने १९४५ मध्ये हा गट वेगळा काढला). आणि या ताऱ्याची गेल्या पावणेदोनशे वर्षांची स्टोरी बघितली तर त्यात ताऱ्यापेक्षा धुळीचाच रोल मोठा आहे.

स्टोरी अशी. ऑक्टोबर १८५२. लंडनच्या रीजेंट्स पार्कमधल्या एका खाजगी वेधशाळेत जॉन रसेल हाइंड नावाचा निरीक्षक काम करत होता, त्याला या जागी नकाशात नसलेला एक तारा दिसला आणि अगदी चिकटून एक फिकट तेजोमेघ. त्याने नोंद केली. इथपर्यंत ठीक. पण १८६१ मध्ये हाइनरिख डॅरेस्ट या खगोलशास्त्रज्ञाने बघितलं तर तेजोमेघ गायब. धूसर झाला वगैरे नाही, गायबच. पुढे काही वर्षांनी तर त्या काळच्या सगळ्यात मोठ्या दुर्बिणींतूनही काही दिसेना. मग १८९० मध्ये लिक वेधशाळेच्या ३६ इंची दुर्बिणीतून बर्नहॅम आणि बार्नार्ड यांना तो पुन्हा पुसट दिसला. आज त्याला हाइंडचा बदलता तेजोमेघ म्हणतात, कॅटलॉगमध्ये एनजीसी १५५५.

आता ढग काय दहा वर्षांत येतो आणि जातो का? तो कुठे गेलेला नव्हता. तो स्वतः उजेड देतच नाही, शेजारच्या ताऱ्याचा उजेड धुळीवर पडून परावर्तित होतो तेवढाच आपल्याला दिसतो. ताऱ्याच्या अगदी जवळ फिरणारी धूळ मधे आली की तिची सावली लांबवरच्या ढगावर पडते आणि ढगाचा तो भाग आपल्यासाठी संपतो. असाच दुसरा एक आहे, एनजीसी २२६१, आर मोनोसेरोटिस या ताऱ्याला चिकटलेला पंख्यासारखा तेजोमेघ, त्यातले बदल एडविन हबलने १९१६ मध्ये जाहीर केले. त्याचे काही आठवड्यांच्या अंतराने घेतलेले फोटो एकामागोमाग लावले तर त्यावरून काळे पट्टे सरकताना दिसतात, आणि हौशी लोक आपल्या घरच्या दुर्बिणींनी याची अ‍ॅनिमेशन बनवतात, शोधून बघा, वेळ वाया जाणार नाही.

धूळ प्रकाश परत फेकते हे नक्की कसं कळलं तर कृत्तिकांवरून. १९१२ मध्ये व्हेस्टो स्लायफरने कृत्तिकांमधल्या मेरोपीभोवतीच्या तेजोमेघाचा वर्णपट घेतला, तर तो हुबेहूब ताऱ्याच्याच वर्णपटासारखा निघाला. तापलेला वायू असता तर ठराविक तेजस्वी रेषा दिसल्या असत्या, तशा त्या नव्हत्या. म्हणजे ताऱ्याचाच उजेड कशावर तरी आदळून येत होता. (जाता जाता: कृत्तिकांभोवतीची ती निळी धूळ त्यांच्या जन्माच्या वेळची उरलेली आहे असं खूप ठिकाणी लिहिलेलं असतं, ते चूक. कृत्तिका चांगल्या दहा कोटी वर्षांच्या आहेत, त्यांची स्वतःची धूळ कधीच संपली, आत्ता त्या फक्त एका वाटेतल्या ढगातून चालल्यात.)

तर ही धूळ म्हणजे काय? आपल्या घरातली धूळ डोक्यातून काढा. ही म्हणजे सिलिकेटचे, म्हणजे खडकातल्या खनिजांचे, आणि कार्बनचे कण, बरेचसे ०.१ मायक्रॉनच्या आसपासचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), केसाच्या जाडीच्या शेकडो पट लहान. थंड जागी त्यांच्यावर पाण्याच्या आणि कार्बन मोनॉक्साइडच्या बर्फाचा थर चढतो. ढगाच्या एकूण वजनात यांचा वाटा जेमतेम १ टक्का, बाकी सगळा हायड्रोजन आणि हेलियम. पण त्या ९९ टक्के वायूतून दिसणारा प्रकाश जवळजवळ आरामात जातो, आणि अडवाअडवी सगळी हा १ टक्का करतो. म्हणूनच विल्यम हर्शेलला आकाशात भोकं आहेत असं वाटलं होतं, ही आठवण त्याची बहीण कॅरोलाईनने लिहून ठेवलीय. बार्नार्डने १९१९ मध्ये अशा १८२ काळ्या डागांची यादी छापली. आणि ही धूळ फक्त डागांपुरती नसून आकाशगंगेत सगळीकडे पसरलीय हे रॉबर्ट ट्रम्पलरने १९३० मध्ये ताऱ्यांच्या गुच्छांवरून दाखवलं.

बार्नार्डच्या यादीतला ६८ नंबरचा ढग फोटोत बघितलाय का? भुजंगधारी तारकासमूहात आहे. दाट ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर एकदम काळाकुट्ट गोळा, आत एकही तारा नाही. आणि त्याच ढगाचा अवरक्त म्हणजे इन्फ्रारेड फोटो शेजारी ठेवला तर ढग आरपार दिसायला लागतो, मागचे तारे एकेक करून बाहेर येतात, कडेचे थोडे लाल, मधले जास्त लाल. कारण धुळीच्या कणाला स्वतःच्या आकाराएवढी किंवा त्याहून लहान तरंगलांबी चांगली अडवता येते आणि मोठी तरंगलांबी बाजूने निघून जाते. हिरव्या-पिवळ्या उजेडात ढग ३० प्रती खात असेल तर २.२ मायक्रॉनला तो साधारण ३ प्रतीच खातो. प्रतीचं गणित घातांकी असल्यामुळे हे दोन आकडे ऐकायला जवळचे वाटतात पण ३० प्रती म्हणजे एक लाख कोटी फोटॉनमधून एक बाहेर येतो आणि ३ प्रती म्हणजे सोळातून एक. एवढा फरक आहे, आणि तोही फक्त तरंगलांबी चौपट केल्याने.

बरं, आता खरा मुद्दा. बहुतेक लेखांत इथपर्यंत येऊन थांबतात, धूळ आडवी येते, इन्फ्रारेडने आरपार दिसतं, वा वा, संपलं. म्हणजे धूळ ही कटकट, ती बाजूला सारली की तारा सापडतो. मला हे अर्धवट वाटतं. कारण धुळीने जो उजेड गिळला तो गेला कुठे? ऊर्जा नाहीशी होत नाही. कण तापतो आणि तापलेला कण स्वतःच्या तापमानाप्रमाणे उजेड टाकतो. पाचशेची नोट देऊन दहा-दहाची चिल्लर परत मिळावी तसं आहे हे, एक जास्त ऊर्जेचा निळा फोटॉन आत जातो आणि कमी ऊर्जेचे कित्येक इन्फ्रारेड फोटॉन बाहेर येतात, एकूण रक्कम तीच. त्यामुळे धुळीत पूर्ण बुडालेल्या ताऱ्याची एकूण तेजस्विता मोजायची तर तारा दिसायचीही गरज नाही, सगळ्या तरंगलांब्यांवरची चिल्लर गोळा करून बेरीज करायची.

आणि कुठल्या तरंगलांबीला किती मिळाली यावरून धूळ ताऱ्यापासून किती लांब आहे तेही कळतं. ताऱ्याजवळ सुमारे १५०० केल्विनला सिलिकेटचे कण वाफ होऊन उडूनच जातात, त्यामुळे तिथे धुळीची आतली हद्द. या हद्दीवरची धूळ २ मायक्रॉनच्या आसपास सगळ्यात जास्त चमकते. आपल्या खोलीच्या तापमानाची, ३०० केल्विनची धूळ १० मायक्रॉनला. ३० केल्विनची १०० मायक्रॉनला. आणि बाहेर ढगाच्या पोटात १० केल्विनला असलेली धूळ ३०० मायक्रॉनला. म्हणजे ताऱ्याचा (कुठल्या तरंगलांबीला किती उजेड याचा) एक नीटनेटका डोंगरासारखा आलेख असायला हवा त्याच्या उजव्या अंगाला, लांब तरंगलांब्यांकडे, एक जास्तीची शेपटी लागते. टी टॉरी ताऱ्यांना ही शेपटी आहे हे मेक्सिकोच्या युजेनिओ मेंडोझा यांनी १९६६ मध्येच मोजलं होतं. पुढच्याच वर्षी बेकलिन आणि नॉयगेबॉवर यांनी मृगाच्या तेजोमेघात एक असा स्रोत जाहीर केला जो इन्फ्रारेडमध्ये झगझगीत आणि साध्या उजेडात नाहीच.

अडचण एवढीच की ही चिल्लर जमिनीवरून मोजता येत नाही फारशी. हवेतली वाफ दूरचं इन्फ्रारेड खाऊन टाकते. म्हणून मग उंच डोंगर, बलून, नाहीतर सरळ अवकाश. इथे आपल्याकडची एक गोष्ट सांगायलाच हवी कारण फार कमी लोकांना माहिती असते: मुंबईच्या टीआयएफआरने (टाटा मूलभूत संशोधन संस्थेने) १ मीटर व्यासाची दूर-इन्फ्रारेड दुर्बीण बनवून ती हैदराबादच्या बलून केंद्रातून वातावरणाच्या वरच्या थरांत पाठवली, एकदा नाही कित्येकदा, आणि तारे जन्माला येणाऱ्या ढगांचे धुळीचे नकाशे काढले. टॅक्सीने कुलाब्याला जाताना ती इमारत लागते तेव्हा मला हेच आठवतं. अवकाशात जानेवारी १९८३ मध्ये आयरास हा इन्फ्रारेड उपग्रह गेला, अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांचा मिळून. थंड ठेवायचं द्रव हेलियम दहा महिन्यांत संपलं, पण तेवढ्यात त्याने १२, २५, ६० आणि १०० मायक्रॉनला ९६ टक्के आकाश धुंडाळलं आणि ताऱ्यांच्या जन्माचा अभ्यास एका झटक्यात वेगळा झाला.

कारण आता शेपट्यांची तुलना करता येऊ लागली. चार्ल्स लाडा आणि ब्रूस विल्किंग यांनी १९८४ मध्ये भुजंगधारीतल्या ढगातले स्रोत घेतले आणि साधारण २ ते २० मायक्रॉनच्या मधला आलेख चढतो की उतरतो एवढंच बघून गट पाडले. चढत असेल तर वर्ग १, म्हणजे तारा अजून धुळीच्या कोशात. हळूहळू उतरत असेल तर वर्ग २, कोश गेला, ताऱ्याभोवती फिरणारी धूळ-वायूची तबकडी उरली, टी टॉरी वगैरे मंडळी यात. सरळ ताऱ्यासारखा उतरत असेल तर वर्ग ३, तबकडीही संपत आली. १९९३ मध्ये फिलिप आंद्रे आणि सहकाऱ्यांनी याच्या मागे वर्ग ० लावला, कारण काही स्रोत इतके कोवळे निघाले की कोशाचं वजन आतल्या ताऱ्यापेक्षा जास्त आणि जवळच्या इन्फ्रारेडमध्येही पत्ता नाही, फक्त शेकडो मायक्रॉनला थंडगार धूळ चमकतेय. (नंबर शून्यापासून सुरू व्हायचं कारण इतकंच की १ आधीच वापरून झाला होता. वैज्ञानिकही माणसंच आहेत.)

एकदम सुटसुटीत वाटतं ना, चढ-उतार बघा आणि बाळाचं वय सांगा. पण इथेच धूळ गोची करते आणि मला हा भाग सगळ्यात आवडतो.

तबकडी चपटी असते. ती आपल्याकडे तोंड करून आहे की कड करून आहे हा निव्वळ योगायोग. तोंड करून असेल तर तारा मधोमध लख्ख दिसतो, सोबत तबकडीची शेपटी, म्हणजे छान वर्ग २. तीच तबकडी, तोच तारा, तेच वय, पण कड आपल्याकडे, तर तारा धुळीच्या आडव्या पट्ट्यामागे जातो, दिसणारा प्रकाश कापला जातो, लांब तरंगलांब्यांचा उजेड मात्र बऱ्यापैकी तसाच येतो, आणि आलेख चढायला लागतो. झाला वर्ग १. म्हणजे जो काही लाख वर्षं मोठा आहे त्याला आपण लहान म्हणून नोंदवला, फक्त आपण चुकीच्या गल्लीत उभे होतो म्हणून. त्यामुळे नुसता आलेख बघून कुणी "हा तारा एवढा तरुण" असं ठोकून दिलं तर मी तरी लगेच मान डोलवत नाही, तबकडीचा कोन माहितीय का ते आधी बघतो.

वृषभेतल्या एचएच ३० या कोवळ्या ताऱ्याचा हबल दुर्बिणीने घेतलेला फोटो याचं अगदी शाळेत शिकवावं असं उदाहरण. मधे आडवी काळी पट्टी, वर आणि खाली दोन उजळ वाट्या, आणि पट्टीच्या काटकोनात वर-खाली सुटलेला वायूचा झोत. तारा कुठाय? तारा दिसतच नाही. वाट्यांचा उजेड तबकडीच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परावर्तित होऊन आलेला. वृषभेतलाच एचएल टॉरी, ज्याला कित्येक वर्षं तारा म्हणून मोजत होते, त्याचा १९९५ च्या सुमारास हबलने नीट फोटो काढल्यावर कळलं की दिसणाऱ्या उजेडात तिथे ताऱ्याचा ठिपकाच नाही, जे दिसत होतं ते सगळं धुळीवरून आलेलं.

आणि आता टी टॉरी. १९८२ मध्ये इन्फ्रारेडमध्ये बारकाईने बघितल्यावर कळलं की याच्या दक्षिणेला ०.७ विकलेवर (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), म्हणजे तिथल्या अंतराला सुमारे १०० खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर), दुसरा एक स्रोत आहे. साध्या उजेडात तो आजवर कुणाला दिसलेला नाही. २००० मध्ये कळलं की तो दक्षिणेचा स्रोतही एक नाही, दोन आहेत, आणि ते एकमेकांभोवती साधारण २७ वर्षांत फिरतात. कक्षा मोजल्यावर त्यातल्या एकाचं वजन सूर्याच्या दुप्पट आलं! म्हणजे हा कुणी कुपोषित जोडीदार नाही, वजनाला आपल्या ओळखीच्या उत्तरेच्या ताऱ्याच्या तोडीस तोड. एकाच ढगातून निघालेले, एकाच वयाचे, शेजारी शेजारी. फरक एवढाच की दक्षिणेच्याची तबकडी जवळजवळ कड करून आहे आणि वर जोडीभोवतीची धूळ आहेच. उत्तरेचा दिसला म्हणून वर्गाला त्याचं नाव लागलं. हा तारा "टी टॉरी तारा" म्हणून तसा नमुनेदार नाहीच असं त्यातले लोकच म्हणतात, तीन ताऱ्यांचा गुंता, दोन झाकलेले, काय नमुना.

कोन मधला असेल, म्हणजे धड तोंड नाही धड कड नाही, तर आणखी मजा. तेव्हा आपली नजर तबकडीच्या वरच्या कडेला घासून जाते आणि तिथली धूळ वर-खाली झाली की तारा मंद-प्रखर होतो. एए टॉरी हा असा, दर ८.२ दिवसांनी थोडा मंद व्हायचा, तबकडीची आतली कड वाकडी असल्यामुळे तेवढा भाग फिरून समोर यायचा. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. २०११ मध्ये तो जवळपास २ प्रतींनी मंद झाला आणि मग आधीसारखा वर आलाच नाही, तबकडीतला लांबवरचा धुळीचा एखादा उंचवटा फिरत समोर आला असावा असं मानतात.

यूएक्स ओरायनिस प्रकारच्या ताऱ्यांचं वागणं तर मला आधी कोडंच वाटायचं. धूळ समोर आली की तारा मंद होतो आणि लाल होतो, बरोबर, निळा जास्त अडतो. पण खूपच मंद झाला की तो परत निळसर व्हायला लागतो! हे उलटं कसं? सोव्हिएत खगोलशास्त्रज्ञ व्लादिमिर ग्रिनिन यांनी याचं उत्तर दिलं. ताऱ्याकडून सरळ येणारा उजेड जवळजवळ बंद झाला की मागे उरतो तो आजूबाजूच्या तबकडीवरून विखुरलेला उजेड, जो एरवी ताऱ्याच्या झगमगाटात जाणवत नाही, आणि बारीक कण निळा जास्त विखुरतात. याचा पुरावा म्हणून त्यांनी ध्रुवीभवन (प्रकाशलहरींची कंपनं किती प्रमाणात एकाच दिशेत आहेत ते) मोजलं, कारण विखुरलेला प्रकाश ध्रुवित असतो, आणि तारा मंद होत जाईल तसं ध्रुवीभवन वाढत गेलं. मला हा पुरावा फार देखणा वाटतो. तारा झाकला गेला तेव्हाच कळलं की त्याच्याभोवती किती काय आहे.

धूळ कशाची आहे हेही उजेडच सांगतो. सिलिकेटमधला सिलिकॉन-ऑक्सिजनचा बंध ९.७ मायक्रॉनला ताणला जातो, त्यामुळे तिथे आलेखात खूण उमटते. तबकडीचा तापलेला पृष्ठभाग समोरून दिसत असेल तर ती खूण उंचवटा म्हणून येते, गार धुळीच्या आडून बघत असू तर तीच खूण खड्डा होते. आणि कण नुसते काचेसारखे आहेत की स्फटिक झालेत यावर उंचवट्याचा आकार बदलतो. २००८ मध्ये ईएक्स लुपी नावाचा तारा काही महिने भडकला होता, तेव्हा स्पिट्झर या इन्फ्रारेड अवकाश दुर्बिणीने वर्णपट घेतला तर त्यात फॉर्स्टेराइट या खनिजाच्या स्फटिकांच्या खुणा होत्या ज्या आधीच्या शांत काळातल्या वर्णपटात नव्हत्या. म्हणजे आपल्या देखत धूळ भाजली गेली आणि स्फटिक झाले. हेच खनिज हेल-बॉप धूमकेतूत सापडलेलं आहे, जो लोकांनी १९९७ मध्ये गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी बघितला. धूमकेतू गारठ्यात बनतो आणि हे स्फटिक बनायला हजारभर केल्विनच्या आसपास तापमान लागतं, मग ते त्याच्यात आले कुठून हा प्रश्न जुनाच होता, आता निदान एक भट्टी तरी डोळ्यांनी बघायला मिळाली.

आलेखातल्या नसलेल्या उजेडावरूनही कळतं. जीएम ऑरिगे या ताऱ्याला लांब तरंगलांब्यांची शेपटी जोरदार आहे पण मधे १० मायक्रॉनच्या आधी जवळजवळ काहीच जास्तीचं नाही. म्हणजे गरम धूळ गायब. २००५ मध्ये नूरिया काल्वेत आणि सहकाऱ्यांनी स्पिट्झरच्या वर्णपटावरून गणित केलं की आतलं २४ खगोलीय एककांपर्यंतचं क्षेत्र जवळपास रिकामं असणार, युरेनसच्या कक्षेपेक्षा थोडं मोठं. फोटो नाही काही नाही, फक्त आलेख. नंतर मिलिमीटर तरंगलांब्यांच्या दुर्बिणींनी प्रत्यक्ष चित्र काढलं आणि खरंच मधे भोक निघालं. पीडीएस ७० या ताऱ्याच्या अशाच रिकाम्या भागात तर २०१८ मध्ये ग्रह सापडला, फोटोसकट, आणि २०१९ मध्ये दुसरा.

आता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या फोटोंबद्दल, कारण "हे रंग खरे आहेत का" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. तुमच्या डोळ्यांना दिसले असते तसे नाहीत, कारण तो उजेड डोळ्यांना दिसतच नाही. पण मनाने भरलेलेही नाहीत, कमी तरंगलांबीला निळा आणि जास्तीला लाल असा क्रम लावलेला असतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेला एल१५२७ चा फोटो घ्या, वृषभेतला सुमारे एक लाख वर्षांचा तारा, अजून कोशातच. वर-खाली पसरलेले दोन पंखे, काही भाग निळा, काही भाग नारिंगी, मधे बारीक काळी रेघ. निळा जिथे आहे तिथे धूळ विरळ, नारिंगी जिथे आहे तिथे जाड, आणि ती काळी रेघ म्हणजे कडेवरून दिसणारी तबकडी. म्हणजे रंग हा इथे सरळ धुळीच्या जाडीचा नकाशा आहे, त्यामुळे "खोटे रंग" म्हणून हा फोटो फेटाळणाऱ्यांशी माझं पटत नाही. त्याच वर्षी गरुड तेजोमेघातल्या त्या प्रसिद्ध खांबांचे दोन फोटो आले, एक जवळच्या इन्फ्रारेडमधला आणि एक मधल्या. पहिल्यात खांब अर्धपारदर्शक आणि हजारो तारे, दुसऱ्यात बहुतेक तारे गेले आणि धूळच स्वतः चमकायला लागली. दोन्ही एकाच दुर्बिणीने काढलेले, दोन्ही खरे.

आणि मग अल्मा, मिलिमीटर तरंगलांब्या बघणाऱ्या दुर्बिणींचा समूह. चिलीच्या अटाकामा वाळवंटात ५००० मीटरवर. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी त्याच एचएल टॉरीचा, ज्याचा ताराच दिसत नव्हता त्याचा, १ मिलिमीटरच्या आसपासचा फोटो जाहीर केला आणि तबकडीत एकात एक कड्या आणि मधे काळ्या फटी. हा तारा दहा लाख वर्षांचाही नाही. एवढ्या लहान वयात ग्रह बनायला लागलेत की काय यावर लगेच चर्चा सुरू झाली. या तरंगलांबीला जे दिसतं ते मुख्यतः मिलिमीटरच्या आसपास वाढलेल्या कणांचा उजेड, म्हणजे ०.१ मायक्रॉनपासून हजारो पट मोठे झालेले, जड होऊन तबकडीच्या मधल्या पातळीत पातळ थरात बसलेले. वरचे बारीक कण, जे हबलला दिसले होते, ते वेगळेच. एकाच तबकडीचे दोन फोटो दोन वेगळ्या धुळीचे.

पण इथेही एक खोच आहे. चिल्लर मोजून वजन काढायचं हे गणित तेव्हाच जमतं जेव्हा सगळ्या कणांचा उजेड बाहेर येतो. तबकडीच्या आतल्या भागात धूळ इतकी दाट आहे की १ मिलिमीटरलासुद्धा मागच्या कणांचा उजेड पुढचे कण अडवतात आणि आपल्याला फक्त वरचा थर मोजता येतो. अल्माने शेकडो तबकड्यांचं वजन काढल्यावर पुष्कळ ठिकाणी धूळ इतकी कमी भरली की आपल्याला माहीत असलेले ग्रह तेवढ्यात बनायचेच कसे असा प्रश्न पडला. काही जण म्हणतात ग्रह त्याआधीच बनून गेलेत, धूळ त्यांच्यात गेली. काही म्हणतात धूळ तिथेच आहे, स्वतःच्याच मागे लपलीय. मला दुसरं म्हणणं जास्त पटतं, निदान आतल्या भागापुरतं, कारण २०१६ मध्ये एचएल टॉरीकडेच न्यू मेक्सिकोतल्या व्हीएलए रेडिओ दुर्बिणींनी ७ मिलिमीटरला बघितलं, जिथे धूळ बरीच पारदर्शक होते, आणि आतल्या ज्या भागात अल्माला नीट तळ लागत नव्हता तिथली कडी वेगळी काढता आली, एवढंच नाही तर त्या कडीत धुळीचा एक गठ्ठाही दिसला. आता असं आणखी लांब तरंगलांब्यांना शेकडो तबकड्यांचं करायचं तर आत्ताच्या दुर्बिणी अपुऱ्या पडतात, उजेड त्या बाजूला फारच फिका होत जातो.